पळसाच्या दिवसांतील पाखरे

पक्षिनिरीक्षण म्हटले की गळ्यात दुर्बीण, हातात लांब भिंगाचा कॅमेरा आणि ताडोब्यात धूळ उडवत जाणारी जिप्सी असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्यामुळे हा छंद पैसेवाल्यांचा, शहरी लोकांचा, आपला नव्हे, अशी आपल्या पालकांची समजूत झालेली दिसते. वस्तुतः चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पक्षी पाहण्यासाठी कोणतेही तिकीट काढावे लागत नाही. शेताचा धुरा, गावाची बोडी, गोठ्यामागचे बोरीचे झुडूप आणि माळावरचा पळस एवढी सामग्री पुरेशी असते, आणि ती प्रत्येक गावात आहे. आपल्या वसतिगृहातील मुले ज्या गावांतून येतात त्या गावांत पक्ष्यांचे ज्ञान पिढ्यानपिढ्या नांदत आले आहे. ते वहीत उतरलेले नाही, एवढेच. म्हणून फाल्गुन आणि चैत्र या दोन महिन्यांत आपल्या परिसरात काय पाहावे, ते का दिसते आणि त्यातले काय हातातून निसटत चालले आहे, याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम ऋतूविषयी. आपले जंगल शुष्क पानझडीचे आहे. पावसाळ्यानंतर जमिनीतील ओल कमी होत जाते आणि पाण्याची बचत करण्यासाठी साग, पळस, मोह, तेंदू ही झाडे पाने गाळतात. फाल्गुनात झाडी विरळ होते. श्रावणात दहा हातांवरचा पक्षी दिसत नाही, तो आता शंभर पावलांवरून दिसतो. दुसरे असे की याच दिवसांत अनेक पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. नर जोडीदाराला बोलावण्यासाठी आणि आपल्या हद्दीची ग्वाही देण्यासाठी गातात, त्यांचे रंगही उजळलेले असतात. तिसरे कारण म्हणजे हिवाळी पाहुणे अजून गेलेले नसतात. म्हणजे जाणारे आणि राहणारे अशा दोघांचीही भेट याच काळात होते. निरीक्षणाला आरंभ करणाऱ्याने हिवाळ्याची वाट पाहत बसू नये, पळस फुलला की बाहेर पडावे.

पळसाचाच विचार अगोदर करू. पानांशिवाय उभे असलेले ते केशरी झाड म्हणजे एक भोजनगृहच असते. पळसाच्या फुलाला सुगंध जवळजवळ नसतो. वासावर येणाऱ्या कीटकांना बोलावण्याऐवजी ते रंगावर येणाऱ्या पाखरांना बोलावते. फुलाची एक पाकळी होडीसारखी वळलेली असते आणि पुंकेसर तिच्यात दडलेले असतात. मध पिण्यासाठी पक्षी चोच खुपसतो, तेव्हा ती होडी दाबली जाते, आतले केसर बाहेर येतात आणि त्यांचा पराग पक्ष्याच्या डोक्याला किंवा गळ्याला लागतो. तोच पराग घेऊन तो पुढच्या झाडावर जातो. मुलांनी एक फूल हातात घेऊन ही क्रिया बोटाने करून पाहावी. पाठ्यपुस्तकातील परागीभवनाचा धडा दोन मिनिटांत समजतो.

या झाडावर सकाळी अर्धा तास उभे राहिले तर दहा-बारा जातींचे पक्षी सहज मोजता येतात. साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, टकाचोर, हरेवा, सातभाईंचा गोंगाट करणारा घोळका, आणि पोपट. पोपट मध पिण्याचे कष्ट न घेता फूलच कुरतडून खाली टाकतात. या सर्वांमध्ये लक्ष वेधून घेते ती पळसमैना. गुलाबी अंग, काळे डोके आणि काळे पंख असलेल्या या पाखराला आपल्याकडे भोरडी असेही म्हणतात. ती थव्याने येते, थव्याने उठते. तिचे प्रजनन मध्य आशियातील गवताळ प्रदेशात आणि पूर्व युरोपात होते. आपल्याकडे ती पावसाळ्याच्या अखेरीस येते आणि एप्रिल उलटता उलटता परत जाते. म्हणजे मूल तालुक्यातील एखाद्या बांधावरच्या पळसाचा मध पिऊन ती कझाकस्तानपर्यंतच्या प्रवासाची तयारी करते. सरपणासाठी बांधावरचा पळस तोडताना एवढा विचार मनात यावा, अशी अपेक्षा आहे. काटेसावर आणि पांगारा ही झाडेही हेच काम करतात. मोहाची गोष्ट निराळी आहे. त्याची फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागीभवन मुख्यतः वटवाघळे करतात.

पळसावरचा शिंजीर, म्हणजे जांभळा सूर्यपक्षी, मुलांना हमखास आवडतो. हिवाळ्यात नराचा रंग फिका असतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी असते. वसंतात तोच नर उन्हात निळा-जांभळा चमकू लागतो. एकाच पक्ष्याची ही दोन रूपे पाहिली की रंगावरून जात ठरवण्याची घाई करू नये, हे आपोआप कळते.

आता आवाज. दुपारी निंबाच्या किंवा वडाच्या शेंड्यावरून एकसारखा ‘टुक् टुक्’ असा ठोका ऐकू येतो तो तांबटाचा. भांड्यावर हातोडी पडावी तसा तो आवाज. कोकिळेबद्दल मात्र कवितांनी बरेच गैरसमज पसरवले आहेत. ‘कुहू’ करतो तो काळाकुळकुळीत नर. मादी तपकिरी, ठिपक्यांची असते आणि तिचा आवाज कर्कश असतो. ती अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. चैत्राच्या सुमारास पावशा ओरडू लागतो. त्याच्या आवाजात शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ ऐकू येते. पावशा हवामानाचा अंदाज सांगत नाही, तो आपल्या जोडीदाराला हाक मारतो. त्याची अंडी सातभाईंच्या घरट्यात वाढतात. सातभाईंची वीण आणि पावसाळ्यातील किड्यांची सुबत्ता यांच्याशी त्याचे वेळापत्रक जुळलेले असल्यामुळे आपल्या पेरणीशीही ते जुळते. हे कळले म्हणून त्या हाकेची गोडी कमी होत नाही.

पक्ष्यांच्या मराठी नावांकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी नेहमीच कुतूहलाने पाहत आलो आहे. शिंपी, सुतार, तांबट, परीट, खाटीक, कोतवाल ही सारी पाखरांची नावे आहेत. ज्यांनी ती ठेवली ते लोक कामकरी होते. पाने शिवणाऱ्या पाखरात त्यांना शिंपी दिसला, खोडावर ठोके देणाऱ्यात सुतार दिसला. आपल्या घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला आणि घारीला हुसकावून लावणाऱ्या काळ्या पाखराला त्यांनी कोतवाल म्हटले. विदर्भातील खेड्यांत कोतवालाचे काम बहुधा कोणाच्या वाट्याला येत असे, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको. एक फरक मात्र वर्गात मी आवर्जून सांगतो : शिंपी पाखराला सुतार होता येत नाही, शिंप्याच्या मुलाला होता येते.

या नावांचा मोठा संग्रह मारुती चितमपल्ली यांनी केला. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगाव, नागझिरा, मेळघाट येथील जंगलांत राहिले आणि आदिवासी, ढिवर, शिकारी व गुराखी यांच्याकडून त्यांनी पाखरांची नावे व सवयी समजून घेतल्या. त्यांचा ‘पक्षीकोश’ या लोकज्ञानाविना उभा राहिला नसता. १८ जून २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर, या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्यांच्यापूर्वीही या भागातील पाखरांची नोंद झाली होती. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे ई. ए. डी’अब्रू यांनी १९३५ साली मध्य प्रांतातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. परंतु ती इंग्रजीत आणि जाणकारांसाठी होती. ज्या गुराख्याने झाड दाखवले त्याचे नाव अशा याद्यांत सहसा येत नाही.

आता शेताकडे वळू. आपल्या दोन जिल्ह्यांत शेतीचे दोन प्रकार आहेत आणि त्यानुसार पाखरेही बदलतात. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या पश्चिमेकडील पट्ट्यात कापूस, सोयाबीन, तूर. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि पलीकडे आरमोरी, वडसा या पट्ट्यात धान. धान निघाल्यावर बांधीत लाखोळी, हरभरा, जवस असतो. ते पीकही फाल्गुनात निघते आणि मोकळ्या बांधीत पाखरे उतरतात. चंडोल उंच जाऊन गातो व दगडासारखा खाली येतो. तारेवर नीलपंख बसलेला असतो. बसला असता तो मळकट वाटतो, पंख उघडताच आभाळ उघडल्यासारखा निळा होतो. वेडा राघू हवेतच माशी पकडून पुन्हा त्याच फांदीवर येतो. गायबगळ्यांच्या डोक्यावर व पाठीवर विणीच्या दिवसांतली नारिंगी झाक चढू लागलेली असते.

टिटवी याच काळात उघड्या जमिनीवर अंडी घालते. चार खडे गोळा केले की तिचे घरटे झाले. अंड्यांवरचे डाग मातीसारखे असल्यामुळे पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत, आणि म्हणूनच माणूस किंवा कुत्रा जवळ आला की ती रात्री-अपरात्री ओरडत सुटते. हे ओरडणे अशुभ मानणारे लोक आजही आहेत. पिंगळा आणि घुबड यांच्या बाबतीत तर ही अंधश्रद्धा त्यांच्या जिवावर उठते. गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्न उंदीर आहे आणि धानाच्या कोठाराजवळ राहणाऱ्या घुबडाएवढा स्वस्त राखणदार शेतकऱ्याला मिळणार नाही. आपल्या घरातून भुताखेतांना आपण हद्दपार केले आहे. घुबडालाही त्या यादीतून मुक्त करावयास हवे.

शेताच्या कडेला जी ओसाड वाटणारी जमीन असते तिला आपल्या महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ असे नाव आहे. हा शब्द जुन्या मध्य प्रांताच्या नोंदींतून आलेला असून तो पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांपुरताच आहे. खुरटी झुडपे, गवत आणि मुरूम असलेल्या या जमिनीवर तित्तिर, लावा, रातवा, माळटिटवी, खाटीक हे पक्षी राहतात. दाट जंगलात ते राहू शकत नाहीत, म्हणून येथे झाडे लावून ‘जंगल’ केले तरी त्यांचे घर जातेच. वरोरा आणि भद्रावती परिसरातील शिवारात माळढोकासारखा दुर्मीळ पक्षी अलीकडच्या काळापर्यंत दिसल्याच्या नोंदी आहेत. एका विणीला बहुधा एकच अंडे घालणाऱ्या त्या पक्ष्याला मोकळे गवत, कोरडवाहू शेत आणि विजेच्या तारांपासून दूर असलेले आकाश लागते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच समजाव्यात असा निर्णय दिला. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यांनी वाटप केलेल्या जमिनींना त्यातून संरक्षणाचा मार्ग ठेवला. हा प्रश्न फक्त पाखरांचा नाही. याच जमिनींवर अनेक भूमिहीनांची घरे, शाळा आणि स्मशानभूमी आहेत, आणि त्यांत आपले लोक मोठ्या संख्येने आहेत. तित्तिराच्या नावाने झोपडी उठवणे आणि झोपडीच्या नावाने एखाद्या कंपनीला माळ देणे, या दोन्ही गोष्टींपासून सावध राहावे लागेल. गावाने आपल्या झुडपी जंगलात काय राहते याची नोंद ठेवली असेल, तर ग्रामसभेत बोलताना ती नोंद कामास येते.

तलावांविषयी थोडक्यात. माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या या महिन्यांत आटू लागतात व पाणी जेथे उरते तेथे पाखरे एकवटतात. जुनोना, घोडाझरी, आसोलामेंढा येथे किंवा गावच्या तलावावरही वारकरी, अडई, कमळपक्षी, उघडचोच आणि परतीच्या वाटेवरची तलवार बदके पाहावयास मिळतात. पट्टकदंब हंस दिसले तर ते हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे जाणारे प्रवासी आहेत हे मुलांना अवश्य सांगावे. वैनगंगेच्या उघड्या वाळवंटात याच काळात नदी सुरय आणि आर्ली वाळूवरच अंडी घालतात. रेतीचे ट्रॅक्टर ज्या वाटेने जातात तीच ही जागा.

डोंगरांकडे जाताना मात्र काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. आपला जिल्हा वाघांचा आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. मोहाच्या दिवसांत अस्वलेही फुलांसाठी झाडाखाली येतात. म्हणून पुरते उजाडल्याशिवाय निघू नये, एकट्याने जाऊ नये, मुलांना झुडपांत वाकून शोधाशोध करू देऊ नये आणि वनरक्षकाने जा म्हटल्याशिवाय जंगलाच्या हद्दीत शिरू नये. पेरजागडासारख्या कड्यांच्या जागी आग्यामोहोळे असतात, तेथे धूर, अत्तर आणि आरडाओरड टाळावी. नऊ वाजता परत फिरावे. चंद्रपूरचे ऊन कोणाचीही भीड ठेवत नाही.

भद्रावतीच्या विजासन टेकडीवरची प्राचीन बौद्ध लेणी पाहण्यास आपण सहलीने जातोच. त्या वेळी लेण्यांच्या तोंडाशी क्षणभर थांबून खडकांच्या फटींकडे आणि सभोवतालच्या झाडांकडेही पाहावे.

डोंगराळ भागातील दोन पक्ष्यांविषयी विशेष सांगावेसे वाटते. पहिला रानकोंबडा. भारतात त्याच्या दोन जाती आहेत. लाल रानकोंबडा उत्तरेकडे व पूर्वेकडे, राखी रानकोंबडा दक्षिणेकडे व पश्चिमेकडे. या दोघांच्या सीमा गोदावरीच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्याच भागात, एकमेकींना भिडतात. लाल रानकोंबड्याची बांग आपल्या गावठी कोंबड्यासारखी, शेवटी एकदम तुटणारी असते. राखी रानकोंबड्याची बांग अगदी निराळी, खरखरीत असते. जगातील सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा आहे. त्याच्या कोंबड्या जमिनीवर पाचोळ्यात अंडी घालतात, आणि मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो तेव्हा ती अंडी भाजून जातात. मोह वेचणाऱ्या बाईला दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही, ते तिच्या घरचे दोन महिन्यांचे उत्पन्न असते. पाचोळा झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी अंथरली तरी फुले मिळतात. जाळ्या गटांमार्फत मिळाल्या तर आग लावावी लागणार नाही.

दुसरा धनेश. राखी धनेश आपल्या गावांच्या वड-पिंपळांवरही दिसतो. मार्चनंतर मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व चिखल यांनी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी उरते. आत तिची उडण्याची पिसे गळतात. या काळात तिला आणि पिल्लांना वड, पिंपळ, उंबराची फळे आणून देतो तो एकटा नर, दिवसातून अनेक वेळा. आता कल्पना करा की एखाद्या मुलाने गुलेलीने तो नर पाडला. पाडलेले पाखरू एक दिसते, परंतु ढोलीत एक मादी आणि दोन-तीन पिल्ले वाट पाहत राहतात. आमच्या वसतिगृहात ही माहिती सांगितल्यावर गुलेलीविषयी वेगळा उपदेश करावा लागला नाही. पोपटाची पिल्ले ढोलीतून काढून विकण्याचा उद्योगही याच महिन्यांत चालतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

गिधाडांविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. गावाबाहेर ढोरफोडीची जागा असे आणि मेलेले जनावर तेथे ओढून नेण्याचे काम कोणावर लादले गेले होते, हा आपला इतिहास आहे. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि पुढे गावोगावी आपल्या माणसांनी ते काम झुगारून दिले. ते योग्यच झाले. परंतु त्या जागेवर आभाळातून उतरणाऱ्या गिधाडांना आपल्या आजोबांनी जितके जवळून पाहिले तितके कोणत्याही पक्षितज्ज्ञाने पाहिले नसेल. ती गिधाडे १९९० नंतरच्या काळात एकाएकी नाहीशी झाली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुराच्या मांसात उरते आणि ते खाल्ल्यावर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, हे संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले. भारतात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक यांवरही आली. गडचिरोली वनविभागाने औषधमुक्त मृत जनावरे ठेवण्यासाठी ‘गिधाड उपाहारगृहे’ चालवली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या केंद्रातून दहा गिधाडे ताडोब्यातील बोटेझरी येथे आणण्यात आली. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे गेलेली संख्या भरून येण्यास कित्येक दशके लागतील. गुरांना कोणते इंजेक्शन दिले जात आहे हे पशुवैद्यकाला विचारणे हा या बाबतीत शेतकऱ्याच्या हातातला सर्वांत उपयुक्त उपाय आहे.

शेवटी नोंदीची पद्धत. एक साधी वही घ्यावी. तारीख, वेळ, ठिकाण, किती पाखरे, काय करत होती, एवढे पाच रकाने पुरतात. नाव ठाऊक नसेल तर आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा ते लिहावे, आणि आजी त्याला काय म्हणते ते विचारून तेही लिहावे. गोंडी किंवा माडिया नाव असेल तर तेच प्रथम लिहावे. एकच वाट निवडून दर आठवड्याला त्याच वेळी जावे, नाहीतर या वर्षीची तुलना मागच्या वर्षीशी करता येत नाही. दुर्बीण नसली तरी चालते. फेब्रुवारीच्या मध्यास ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही चार दिवसांची जागतिक पक्षिगणना होते. २०१३ पासून भारतातील लोक तीत भाग घेत आहेत आणि शाळांनाही आपल्या आवारातील पाखरे मोजून तीत पाठवता येतात.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपण ब्रह्मपुरीत, अहेरीत, पुण्यात किंवा आणखी कुठेही असा, या वर्षी पावशा पहिल्यांदा कोणत्या तारखेला ऐकला आणि गावच्या पळसावर भोरड्या शेवटच्या केव्हा दिसल्या, एवढे दोन ओळींत शाळेच्या पत्त्यावर कळवा. ग्रंथालयात त्यासाठी स्वतंत्र वही ठेवली आहे, आणि सातवीची मुले ती भरण्याचे काम करतील.